अभिप्राय भरा, हॉल तिकीट न्या

मराठी माणसाकडून अभिप्राय मागावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठता उठता, हात पुसायच्या आत तो सांगून टाकतो की मठ्ठ्यात आलं जास्त झालं, जिलबी कालची होती आणि कार्यालय घेताना मुलीकडच्यांनी पार्किंगचा विचार केलेला दिसत नाही. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाताना, अजून न पाहिलेल्या दुसऱ्या अंकात काय बिनसणार आहे हेही त्याने सांगून ठेवलेलं असतं. अशा घरातल्या मुलाला तीन वर्षं कॉलेजात बसवा, सहाव्या सेमिस्टरच्या शेवटी त्याच्या हातात एक फॉर्म द्या आणि विचारा, ‘बाबा रे, कसं होतं?’ तो मान खाली घालून, चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत म्हणेल, ‘छान होतं सर.’

या ‘छान होतं सर’चं काय करायचं, हा आमच्या अभिप्राय समितीपुढचा कायमचा प्रश्न आहे. कॉलेजात समित्या बऱ्याच असतात. परीक्षा समिती ज्येष्ठतेने मिळते, सहल समिती ओळखीने मिळते आणि वाटपाच्या बैठकीला जो रजेवर असतो त्याच्या नावावर अभिप्राय समिती लागते. बैठकीच्या दिवशी मी मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. परत आलो तो समन्वयक होऊनच.

एवढा अभिप्राय लागतो कशाला, तर नॅकला. राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात नुसतं ‘नॅक’ म्हणा. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे खुर्चीत सावरून बसतात. १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरूला मुख्यालय असलेली ही परिषद कॉलेजांना चारपैकी गुण देत आली आहे. ३.५१ किंवा त्याच्या वर गेलात तर ए प्लस प्लस, आणि मग गेटवर संस्थाचालकांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स. २०१७ साली परिषदेने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि तीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. प्रश्न एकवीस. पहिल्या वीस प्रश्नांना चार ते शून्य गुण, आणि एकविसावा मोकळा: शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा. कॉलेजातल्या दहा टक्के मुलांनी किंवा शंभर मुलांनी, यांतला जो आकडा लहान तेवढ्यांनी तरी उत्तर द्यायला हवं. नाही दिलं, तर तो मुद्दाच हिशेबात धरत नाहीत.

दहा टक्के! बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय अवघड? हजार पोरांच्या कॉलेजात शंभर फॉर्म. फुकट टी-शर्ट वाटायचे म्हटले तर हजारांच्या कॉलेजात तेराशे पोरं येतात. पण इथे परिषदेने एक शहाणपणा केला आहे. ही प्रश्नावली कॉलेजमार्फत न पाठवता परिषद थेट विद्यार्थ्याच्या ई-मेलवर पाठवते. सुनेचं कसं चाललंय हे विचारायला सासूच्या फोनवर फोन करायचा नसतो, एवढं बंगळुरूला कळलेलं आहे. कॉलेजने फक्त मुलांची यादी द्यायची: नाव, वर्ग, मोबाइल, ई-मेल.

बंगळुरूला जे कळलेलं नाही ते म्हणजे आमच्या एस.टी. स्टँडसमोरचं नेट कॅफे.

आमच्या तालुक्यात प्रवेशाचा फॉर्म, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, पोलीस भरतीचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथे होतं. बारावी झालेला पोरगा कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन खुर्चीवर बसतो. कॅफेवाला विचारतो, ‘मेल आयडी?’ पोरगा म्हणतो, ‘नाय.’ मग कॅफेवाला अर्ध्या मिनिटात आयडी तयार करतो, पासवर्ड आपल्या लाल वहीत लिहून ठेवतो आणि पोरगा घरी जातो. आपल्याला ई-मेल आयडी आहे ही गोष्ट तो पुढची तीन वर्षं आठवत नाही. गर्दीच्या दिवसांत तर कॅफेवाला आयडी काढायच्या फंदातही पडत नाही, स्वतःचाच टाकून देतो. तेव्हा आमच्या यादीतल्या निम्म्या पोरांचा जगाशी असलेला पत्रव्यवहार हा एकच गृहस्थ, समोर कोरा चहा ठेवून, सांभाळत असतो.

उरलेल्या निम्म्यांनी स्वतः काढलेले आयडी असतात, आणि ते पाहिले की कॅफेवाला बरा वाटतो. ‘रॉयल मावळा’, ‘अ‍ॅटिट्यूड बॉय’, ‘पापा की परी’, ‘डॉन’ आणि ‘डॉन ओरिजिनल’. ही यादी परिषदेच्या पोर्टलवर चढवताना आमच्या ऑफिसातल्या क्लार्कने मला विचारलं, ‘सर, हे असंच पाठवायचं?’ काय करणार? ‘डॉन ओरिजिनल’ हा टी.वाय.बी.कॉम.चा नियमित विद्यार्थी आहे, उपस्थिती ऐंशी टक्के.

सर्वेक्षणाचे मेल सुटले त्या आठवड्यात मला कॅफेवाल्याचा फोन आला. ‘सर, तुमच्या पोरांचे नॅकचे मेल आलेत माझ्याकडं. चाळीसेक असतील. भरून टाकू का? फॉर्ममागं दहा रुपये द्या.’ मी म्हटलं, ‘अहो, तो विद्यार्थ्यांचा अभिप्राय आहे.’ तो म्हणाला, ‘तेच म्हणतोय मी. तुमच्या कॉलेजाबद्दल पोरांचं मत काय आहे, ते माझ्याइतकं कुणाला माहिती आहे?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं तो ऐकत आलेला आहे. नाही म्हणायला मला फार जड गेलं.

म्हणून मग मोहीम काढावी लागते, परिषदेच्या मेलसाठीही आणि त्याच प्रश्नांच्या आमच्या अंतर्गत फॉर्मसाठीही. मोहिमेचा पहिला टप्पा नोटीस. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ने सुरू होणारी नोटीस आमच्याकडे काचेच्या कपाटात लागते आणि कपाटाची किल्ली हरवलेली असल्यामुळे वर्षानुवर्षं तिथेच राहते. दुसरा टप्पा व्हॉट्सअ‍ॅप. टी.वाय.चे दोन ग्रुप असतात. एकाचं नाव ‘टी.वाय. ऑफिशियल’, त्यात सर असतात आणि स्मशानशांतता असते. दुसऱ्याचं नाव ‘टी.वाय. सर नाहीत’, कॉलेज तिथे चालतं. ऑफिशियलवर मी लिंक टाकतो. पाच मिनिटांत ‘ओके सर’, ‘ओके सर’, ‘येस सर’, हात जोडल्याची चित्रं, एक चुकून आलेलं गुड मॉर्निंग. साठ जणांनी ओके म्हटलेलं असतं. संध्याकाळी पाहावं तर भरलेले फॉर्म तीन, आणि त्यातला एक आमच्याच मॅडमनी लिंक चालते का हे बघायला भरलेला.

व्हरांड्यात गाठून विचारलं तर कुणीही ‘भरला नाही’ म्हणत नाही. ‘भरलाय की सर, कालच.’ ‘सर, लिंक ओपन होईना.’ ‘सर, नेट संपलंय.’ एकाने मला शांतपणे सांगितलं, ‘सर, मी सबमिट दाबलं, पण ते घेईना.’ त्याने ते अशा सुरात सांगितलं की दोष त्या बटणाचा, आणि त्याला समज देणं हे माझं काम.

तिसरा टप्पा सक्तीचा. मुलांना संगणक प्रयोगशाळेत नेऊन बसवायचं. एका बॅचला तीस संगणक, त्यातले चालू बावीस, माऊस एकोणीस. दार आतून लावायचं. सी.आर. मुलगी सगळ्यांना सांगत फिरते, ‘पहिलाच ऑप्शन दाबा रे, पहिलाच.’ पहिला पर्याय नेहमी सर्वोत्तम असतो. चार मिनिटांत सगळा वर्ग समाधानी होऊन बाहेर पडतो.

आणि चौथा, ब्रह्मास्त्र: अभिप्राय भरल्याची पावती दाखवा, तरच हॉल तिकीट. ही युक्ती कुणी काढली माहीत नाही, पण ती अनेक कॉलेजांत चालते. आमचे अंतर्गत फॉर्म याच बळावर शंभर टक्के भरतात. ज्याचं हॉल तिकीट आपल्या टेबलाच्या खणात आहे त्याला ‘तुम्ही आमच्यावर कितपत समाधानी आहात?’ असं विचारायला वेगळ्याच काळजाचा माणूस लागतो. मुलंही तशीच वागतात. खणाकडे बघत ‘पूर्ण समाधानी’वर टिचकी मारतात.

यात पोरांना आळशी म्हणणं सोपं आहे, आणि स्टाफरूममध्ये ते रोज म्हटलं जातं. पण टी.वाय.च्या पोराचा मार्च-एप्रिल जरा जवळून बघा. निम्मे वीर पहाटे पाचला तालुका क्रीडासंकुलावर पोलीस भरतीचे सोळाशे मीटर पळत असतात. काही एम.पी.एस.सी.साठी पुण्याला पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा बघून आलेले असतात. कुणाची एम.बी.ए.ची सी.ई.टी. असते. दोन-तीन मुलींना रविवारी बघायला येणार असतात आणि त्या फॉर्मपेक्षा कितीतरी अवघड एकवीस प्रश्नांची तयारी करत असतात. अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणतं, आम्ही तुम्हाला तीन वर्षं कसं शिकवलं ते सांगा, म्हणजे आम्ही पुढच्या मुलांसाठी सुधारणा करू. पोराच्या मनात येतं, पुढच्या मुलांसाठी? आणि मी? बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच; वर त्या गेलेल्या बैलालाच झोपा कसा वाटला हे विचारायचं.

बरं, प्रश्न तरी कसे? अभ्यासक्रम वर्गात किती टक्के शिकवून झाला: पंच्याऐंशी ते शंभर, सत्तर ते चौऱ्याऐंशी, असं उतरत उतरत तीस टक्क्यांच्या खाली. हे टक्के काढायला अभ्यासक्रम किती होता ते माहीत पाहिजे, आणि ते मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं. किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे साधनं वापरतात? आमचा प्रोजेक्टर वापरायचा तर आधी खिडक्यांना पडदे हवेत, मग वीज हवी आणि मग ज्याला तो लावता येतो तो शिपाई रजेवर नको. आणि मग तो प्रश्न: तुमचे मेंटॉर दिलेल्या कामाचा पाठपुरावा करतात का? या प्रश्नापाशी दर वर्षी प्रयोगशाळेत कुजबुज होते. गेल्या खेपेला एका मुलाने हात वर करून विचारलं, ‘सर, मेंटॉर म्हणजे कोण?’ मी यादी काढली, त्याचं नाव शोधलं. त्याचे मेंटॉर दाराशी उभे राहून बॅचची सही घेत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच एवढा मोकळा परिचय झाला. मुलाने चारपैकी चार दिले.

आमच्या स्वतःच्या फॉर्मवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आपले नाव पूर्णपणे गोपनीय ठेवले जाईल.’ त्याखाली पहिली चौकट: संपूर्ण नाव, आडनाव प्रथम. तिच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरी चौकट रोल नंबर. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याबद्दल, आपल्या नावानिशी, रोल नंबरानिशी आणि ‘मोकळेपणाने’ लिहायचं. असला मोकळेपणा मी स्वतः प्राचार्यांबद्दल कधी दाखवलेला नाही. शिवाय आपल्याकडे गुरुपौर्णिमेला ज्या सरांना गुलाबाचं फूल आणि पेन दिलं, त्यांना एप्रिलमध्ये चारपैकी दोन कसे द्यायचे, हाही पेच असतोच. आम्हाला असा पेच पडत नाही. आम्ही पंचाहत्तरपैकी सव्वीस देऊन घरी जाऊन जेवतो.

स्टाफरूममधल्या ज्येष्ठ सरांचं मत वेगळं आहे. ‘यांना काय कळतं? चांगलं शिकवणं कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही ते आम्हाला मार्क देणार?’ सरांचं वाचन दांडगं आहे आणि आपल्या बाजूचा पुरावा त्यांच्याकडे नेहमी तयार असतो. १९७० साली अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ बनवून उभं केलं. विषय दिला, गणितातल्या गेम थिअरीचा वैद्यकीय शिक्षणात उपयोग. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. विनोद पेरत, हातवारे करत, एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत त्याने व्याख्यान ठोकलं, आणि श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिला. जर्मनीत २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर सरांच्या विशेष आवडीचा आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना तासाच्या वेळी चॉकलेटची बिस्किटं ठेवली, काहींना नाही. बिस्किटं खाल्लेल्यांना शिक्षकही चांगले वाटले आणि अभ्याससाहित्यही. ‘बघा,’ सर म्हणतात, ‘पार्ले-जीवर आपली ग्रेड!’

मी एकदाच त्यांना म्हटलं की डॉ. फॉक्सला डोक्यावर घेणारे श्रोते विद्यार्थी नव्हते, मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातली जाणती मंडळी होती. म्हणजे फसण्याच्या बाबतीत आमची पोरं काही खाली नाहीत. सरांनी वर्तमानपत्र उघडलं. मात्र पुढच्या आठवड्यात त्यांच्या तासाला समोसे आले, ही गोष्ट मी केवळ नोंद म्हणून सांगतो.

समोशांपर्यंत जायला लागतं हे फक्त आपल्याकडेच, असं कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचं देशभर सर्वेक्षण होतं, २००५ पासून दर वर्षी. तिथली विद्यापीठं त्याच्या आकड्यांवर जाहिराती करतात, त्यामुळे लबाडीही आलीच. २००८ साली लंडनमधल्या किंग्स्टन विद्यापीठात मानसशास्त्र विभागातल्या शिक्षकांनी मुलांना बजावलं की वाईट लिहाल तर तुमच्याच पदवीची किंमत कमी होईल. कुणीतरी ते गुपचूप रेकॉर्ड केलं, बोभाटा झाला आणि त्या विभागाची त्या वर्षीची माहिती बाद करण्यात आली. मला या बातमीने धीर आला. आमच्या सी.आर.चं ‘पहिलाच ऑप्शन दाबा रे’ थेट आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे.

त्याच देशात २०१७ साली विद्यार्थी संघटनेने या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, कारण त्याचे निकाल फीवाढीशी जोडले जाणार होते. निम्म्या मुलांनी तरी उत्तर दिलं नाही तर निकाल छापत नसत. त्या वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसुद्धा निम्म्याच्या खाली राहिली. आपण गप्प बसलो तर मोठ्यांची पंचाईत होते, हा शोध त्या पोरांना लागला. आमच्याकडे हा बहिष्कार वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त आपण बहिष्कार घातलाय हे पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

खरा अभिप्राय ऐकायचा तर कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर जावं. तिथे लाल चांदणी नाही, रोल नंबर नाही. मी एकदा रसवंतीच्या पडद्यामागे उसाचा रस पीत बसलो होतो आणि पलीकडे टी.वाय.चा घोळका चहा पीत होता. वीस मिनिटांत त्यांनी सगळ्या विभागांचं मूल्यांकन उरकलं, आणि ते नॅकच्या पीअर टीमच्या दोन दिवसांच्या भेटीपेक्षा अचूक होतं. अमुक मॅडम नोट्स देत नाहीत पण त्यांचं डोक्यात राहतं. तमुक सर पहिली वीस मिनिटं हजेरी घेतात, दहा मिनिटं राजकारण आणि उरलेल्या वेळात ‘हे तुम्ही घरी वाचा’. स्टॅटिस्टिक्सचा पेपर सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरवड्यात कोंबला जातो. लायब्ररीत पुस्तक आहे, पण ते कपाटात आहे आणि कपाट नॅकसाठी आहे. मग माझा नंबर आला. एकजण म्हणाला, ‘सर शिकवतात भारी, पण फळ्याला शिकवतात. फळा पास होणार बघ यंदा.’ घोळका हसला. मी रस संपवला आणि मागच्या बाजूने निघालो. दुसऱ्या दिवसापासून अधूनमधून वर्गाकडे तोंड करायला लागलो. हाच मुलगा फॉर्ममध्ये माझ्यापुढे ‘सर्वोत्तम’ लिहून गेला होता, तेव्हा त्या फॉर्मचा मला काय उपयोग झाला ते तुम्हीच ठरवा.

एकविसाव्या प्रश्नाची उत्तरं मी मात्र आवडीने वाचतो. तीन सूचना लिहा म्हटलं की ऐंशी टक्के जण ‘नो’, ‘नथिंग’, ‘ऑल गुड’ किंवा एक टिंब टाकतात. टिंबाशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून टिंब. काही जण पार्किंगला शेड मागतात. कॅन्टीनमधल्या वड्याबद्दल दोन-तीन जणांनी अतिशय भावनेने लिहिलेलं असतं. पण अधूनमधून एखादं वाक्य असं येतं की माणूस चष्मा काढून पुन्हा वाचतो. एका मुलीने लिहिलं होतं: ‘खोली नंबर ७ मध्ये सकाळी साडेआठ ते साडेनऊ फळ्याच्या उजव्या अर्ध्यावर ऊन येते, डावीकडच्या तीन बाकांना दिसत नाही, अकाउंट्सची बॅलन्स शीट उजवीकडेच असते.’ बॅलन्स शीटच्या एका बाजूवर बिचारी तीन बाकं तीन वर्षं पास झाली होती. मी ते वाक्य घेऊन प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य म्हणाले, ‘एवढंच ना?’ चौथ्या दिवशी पडदा लागला. नॅकसाठी नाही, तसाच लागला. ती मुलगी तोवर परीक्षा देऊन गेली होती.

दर वर्षी येणारी दुसरी एक सूचना आहे, आणि तिचं आम्ही काय करतो हेही सांगायला हवं. आमच्याकडे अनेक विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. तासाला ठरलेले पैसे, तेही पाच-सहा महिन्यांनी हातात, सुट्टीत शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यातले एक सर असे आहेत की त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन मागे उभी राहतात. त्यांच्याबद्दल दर वर्षी पंधरा-वीस फॉर्ममध्ये एकच वाक्य येतं, ‘या सरांना कायम करा.’ परिषदेच्या नियमाप्रमाणे अभिप्राय गोळा करून भागत नाही, त्याचं विश्लेषण करायचं, काय कृती केली ते लिहायचं आणि वेबसाइटवर टाकायचं. मग मी कृती अहवाल लिहायला बसतो. वड्यापुढे लिहितो, ‘कॅन्टीन चालकास सूचना देण्यात आली.’ शेडपुढे, ‘प्रस्ताव विचाराधीन.’ आणि सरांपुढे लिहितो, ‘सदर बाब शासनस्तरावरील असल्याने नोंद घेण्यात आली.’ गंमत अशी की हा अहवाल टाइप करून देतात ते हेच सर, कारण त्यांचं मराठी टायपिंग चांगलं आहे. स्वतःच्या नावापुढची ‘नोंद घेण्यात आली’ ते बिनचूक टाइप करतात आणि विचारतात, ‘सर, पूर्णविराम देऊ ना?’

पोरं गप्प का बसतात, याचं माझ्यापुरतं उत्तर मला या अहवालात मिळालं. वेबसाइटच्या पाचव्या मेन्यूतल्या तिसऱ्या पीडीएफमध्ये लिहिलेलं उत्तर कुठलं पोरगं वाचणार? त्यांना दिसतो तो पडदा. पडदा लागल्यावर खोली नंबर ७ मधल्या एस.वाय.च्या मुलांनी न सांगता दुसऱ्याच आठवड्यात चिठ्ठी पाठवली की आता पंख्याचंही बघा. ‘सूचना चालतात’ ही बातमी ‘सर नाहीत’ ग्रुपवर गेली असावी. अभिप्राय द्यायला यांना उत्तेजन कसं द्यावं, यावर आमच्याकडे दोन कार्यशाळा झाल्या, एकीत जेवणही होतं. त्यात एकानेही असं सुचवलं नाही की सेमिस्टरच्या मध्यावर विचारावं, एफ.वाय.पासून विचारावं आणि विचारल्यावर एक तरी गोष्ट करून दाखवावी. मी सुचवलं, तर इतिवृत्तात आलं, ‘चर्चा झाली.’

म्हणून या वर्षी मी इतिवृत्ताची वाट न बघता काही गोष्टी परस्पर केल्या आहेत. अंतर्गत फॉर्ममधली नावाची आणि रोल नंबरची चौकट काढून टाकली आहे. संगणकाच्या सरांना चहा पाजावा लागला. हॉल तिकिटाचा आणि फॉर्मचा संबंध तोडला आहे, त्याबद्दल परीक्षा विभाग माझ्याशी बोलत नाही. ऑगस्टमध्ये एफ.वाय. आणि एस.वाय.ला एकच प्रश्न विचारणार आहे: या महिन्यात वर्गात काय अडलं? उत्तर कागदाच्या चिटोऱ्यावर चालेल.

टी.वाय.च्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी हे सगळं उशिराचं आहे, ते मला मान्य आहे. तरीही लिंक शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत चालू आहे. वीस प्रश्नांना काय वाटेल ते करा, पहिलाच ऑप्शन दाबलात तरी मी समजून घेईन. एकविसाव्या चौकटीत मात्र एक वाक्य लिहा, जे टपरीवर बोलता तसं, खोलीच्या नंबरासकट, वेळेसकट. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, शुद्धलेखनाचे मार्क नाहीत. आणि ज्यांचे मेल स्टँडसमोरच्या कॅफेत येतात त्यांनी जाता जाता आत डोकावून आपला पासवर्ड मागून घ्या. तो लाल वहीत आहे, आणि कॅफेवाल्याला मी सांगून ठेवलं आहे की त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.